मुलांवर माया आहे, मग प्रशिक्षण कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक २७ वर्षांचे आहेत. हिशेबाच्या कामाची बरी नोकरी आहे. गेलं वर्ष-दीड वर्ष ते दर शनिवारी मुलांच्या एका निवासी संस्थेत गणित शिकवायला जातात. आता नोकरी सोडून किशोरवयीन मुलांचे पूर्णवेळ काळजीवाहक व्हावं, असं त्यांच्या मनात आहे. त्यांचं स्वतःचं लहानपण वडिलांच्या दारूत आणि नंतर नातेवाइकांच्या घरी गेलं. 'त्यामुळे ही मुलं मला आतून कळतात,' असं ते लिहितात. तिथल्या चौदा वर्षांच्या एका मुलाशी त्यांचं विशेष जमलं. 'कधीही फोन कर' म्हणून त्यांनी त्याला आपला नंबरही दिला. मध्यंतरी 'दोन आठवडे येता येणार नाही' असं सांगितल्यावर त्या मुलाने शिव्या दिल्या, वही फाडली आणि पुढच्या भेटीत ओळखही दाखवली नाही. तेव्हापासून आपण या कामाच्या लायक आहोत का, ही शंका त्यांना छळते आहे. मित्र म्हणतो, समाजकार्याची दोन वर्षांची पदवी घे. संस्थेतले एक जुने कार्यकर्ते म्हणतात, पुस्तकं वाचून मुलं सांभाळता येत नाहीत, ये आणि कामाला लाग. आई म्हणते, पगार निम्मा आणि जागरणं दुप्पट. प्रश्न असा: माया आहे, सहनशक्ती आहे, मग शिकण्यात वेळ घालवू की सरळ काम सुरू करू?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती फाडलेल्या वहीपाशी. तुम्ही ती वही स्वतःच्या नापासाचा दाखला म्हणून जपून ठेवली आहे. मला तसं वाटत नाही. उलट त्या मुलाने तुमची दखल घेतली होती, तुमच्या येण्या-न येण्याने त्याला फरक पडत होता, एवढं तरी त्यातून नक्की दिसतं. ज्याच्या जाण्याचं काही वाटत नाही, त्याच्यासाठी कोण कशाला वही फाडेल?

घर सुटलेल्या मुलांबद्दल ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. तेव्हापासून या क्षेत्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे. जवळची माणसं वारंवार हातातून निसटलेली मुलं नव्या माणसाशी नातं जोडताना आधी ते तुटतं का, हे तपासून बघतात. काही मुलं चिकटतात, काही अंगावर येतात, काही पाठ फिरवतात. सोडून जाणाऱ्याला आपणच आधी सोडून दिलं की निदान ते आपल्या मर्जीने झालं, असं वाटत असावं. तुम्ही परत आल्यावर त्याने ओळख न दाखवणं त्यातलंच असू शकतं.

'असू शकतं' असं मुद्दाम म्हणते आहे. कारण त्या दिवशी आणखी काय घडलं होतं, ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. सकाळी घरून यायचा फोन आला नसेल. न्यायालयातली तारीख पुढे गेली असेल. त्याच्या खोलीतला जोडीदार दुसरीकडे हलवला गेला असेल. हे तिथल्या शिफ्टवर असलेल्या माणसाला माहीत असतं, शनिवारी दोन तास येणाऱ्याला नसतं. तुम्ही कुणाला विचारलंत का? पत्रात तसा उल्लेख नाही. मुलाच्या वागण्याचा अर्थ लावण्याआधी त्याच्या दिवसाची चौकशी करायची, ही या कामातली अगदी पहिली सवय आहे आणि ती मायेतून आपोआप येत नाही.

आता तुमच्या मूळ गृहीतकाकडे येते. 'माया आहे, सहनशक्ती आहे, मग प्रशिक्षण कशाला?' या प्रश्नात असं धरलेलं आहे की प्रशिक्षण म्हणजे ज्यांना माया कमी पडते त्यांच्यासाठीची शिकवणी. प्रत्यक्षात माया ही इथे प्रवेशाची अट आहे. मुलाकडून तिची परतफेड होत नसताना, किंवा ती शिवीच्या रूपात परत येत असताना, आपण स्थिर कसं राहायचं, हे शिकावं लागतं. आणि ते एकट्याने न करता सहकाऱ्यांबरोबर मिळून कसं करायचं, हेही.

शिवाय तुम्हाला माहीत आहे ते बालगृह शनिवारचं आहे. शनिवारी तुम्ही पाहुणे असता, मुलं आंघोळ करून बसलेली असतात, हातात वही असते. काळजीवाहकाचं काम उरलेल्या वेळात असतं. पहाटे ओला झालेला बिछाना दुसऱ्या मुलांच्या नजरेला न पडता बदलायचा असतो. न्हाणीघरात कोण आधी यावरून पेटलेलं भांडण गुद्द्यांवर जाण्याआधी थांबवायचं असतं. शाळेतून आलेली चिठ्ठी, न घेतलेली गोळी, दिवे घालवल्यावर सुरू होणारी भीती. समुपदेशक आठवड्यातून तासभर बोलतो. मुलाचं आयुष्य त्या तासाबाहेर चालू असतं.

या कामाची आठवण निघाली की पोलंडच्या वॉर्सामधल्या अनाथालयाचे डॉक्टर यानुश कोर्चाक यांचं नाव हमखास घेतलं जातं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी मुलांना ट्रेब्लिंकाच्या संहार छावणीकडे नेलं, तेव्हा ते मुलांसोबत गेले. त्या त्यागापुढे कुणीही नतमस्तक होईल. पण काळजीवाहक होऊ पाहणाऱ्याने स्टेफानिया विल्चिन्स्का यांचंही नाव लक्षात ठेवावं. १९१२ मध्ये ते घर उघडलं तेव्हापासून त्याचा रोजचा कारभार मुख्यतः त्यांनी चालवला. कपडे, आजारपणं, कामांच्या पाळ्या, नव्या शिक्षकांचं वळण, सगळं. शेवटच्या प्रवासात त्याही मुलांबरोबर होत्या. त्या घरात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. त्यात मोठ्या माणसांवरही तक्रार करता येई, आणि त्याचा कल शिक्षेपेक्षा माफीकडे असे. हे सगळं नुसत्या चांगुलपणावर चाललं नसतं. त्यामागे ठरवून आखलेली पद्धत होती, आणि पद्धत शिकता येते.

तशीच दुसरी पद्धत बालमानसतज्ज्ञ फ्रिट्झ रेडल यांची. १९४० च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये अतिशय आक्रमक मुलांसाठी एक छोटं निवासी घर चालवलं. भांडण किंवा तोडफोड झाली की त्याबद्दलचं बोलणं चार दिवसांनी कुणाच्या केबिनमध्ये न ठेवता, मूल जरा शांत झालं की तिथेच, त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाने करायचं, असा त्यांचा आग्रह होता. काय घडलं ते आधी मुलाच्या तोंडून ऐकायचं, मग त्याच्याबरोबर जोडून बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण समोरचा तुमच्या आईवरून बोलत असताना आवाज खाली ठेवणं, दाराच्या चौकटीत उभं न राहणं म्हणजे त्याला कोंडल्यासारखं वाटणार नाही, बाकीच्या मुलांना तिथून हलवायला सहकाऱ्याला नजरेने सांगणं, हे सराव केल्याशिवाय ऐन वेळी सुचत नाही. चांगल्या अभ्यासक्रमात याची प्रात्यक्षिकं घेतात, चुका करायला लावतात, पुन्हा करायला लावतात.

आता त्या फोन नंबरबद्दल. तुमचा हेतू स्वच्छ होता, याबद्दल मला शंका नाही. तरीही हे तातडीने दुरुस्त करा, आणि चोरून नव्हे. संस्थेच्या अधीक्षकांना स्वतःहून सांगा की मी नंबर दिला आहे, पुढे काय करायचं ते ठरवू या. कारण असं बघा: 'कधीही' हा शब्द तुम्ही पाळू शकणार नाही. रात्री दोनला तुमचा फोन बंद असेल, आणि त्या मुलाच्या यादीत वचन मोडणारं आणखी एक माणूस वाढेल. दुसरं, मुलांचं शोषण करणारी माणसंही अशाच खासगी वाटेने जवळ येतात: वेगळा नंबर, छोटी भेट, 'आपल्या दोघांतलं' गुपित. तुम्ही तसे नाही. पण मुलाला फरक कळावा यासाठी सगळ्या चांगल्या माणसांनी उघड वाटेनेच यायला हवं. पार्श्वभूमीची तपासणी, जुन्या मालकाकडे चौकशी, एकांताबद्दलचे नियम हे पुढे तुमच्या वाट्याला येतील तेव्हा अपमान वाटून घेऊ नका. जिथे यातलं काहीच विचारत नाहीत, तिथे काळजी करा.

याला लागूनच एक प्रसंग सांगते, जो या कामात प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. मूल म्हणतं, 'एक सांगतो, पण कुणाला सांगणार नाहीस ना, शप्पथ?' मायेचा माणूस पटकन शप्पथ घेतो. मग मूल सांगतं की अमुक माणूस रात्री येतो, किंवा मी गोळ्या साठवून ठेवल्या आहेत. आता शपथ मोडली तर विश्वास जातो, पाळली तर मूल धोक्यात. म्हणून शपथ घ्यायचीच नाही. 'तू सांग, मी नीट ऐकतो. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं दिसलं, तर मला मदतीसाठी एखाद्याला सांगावं लागेल, आणि कुणाला सांगतोय ते मी तुला आधी सांगेन.' एवढं बोलल्यावर काही मुलं त्या दिवशी गप्प बसतात. बसू द्यावं. पुष्कळदा ती पुन्हा येतात. ऐकतानाही सूचक प्रश्न विचारायचे नसतात, तपास आपण करायचा नसतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसकट लिहून त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीकडे पोचवायचे असतात. कुठे आणि किती वेळात कळवणं बंधनकारक आहे, हे तुमच्या ठिकाणच्या कायद्याप्रमाणे शिकून घ्यावं लागतं.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. नव्या लोकांना नोंदवही म्हणजे कटकट वाटते. तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला तिची किंमत लवकर कळेल. एक नोंद अशी असते: 'आज उद्धटपणा केला, समज दिली.' दुसरी अशी: 'रात्री ८ ला घरचा फोन येणार नाही असं कळलं. ताट ढकललं, शिवी दिली, गच्चीच्या जिन्यात जाऊन बसला. वीस मिनिटांनी स्वतःहून आला, जेवला. झोपताना उद्या फोन येईल का, असं दोनदा विचारलं.' पहिल्या नोंदीवरून रात्रपाळीच्या माणसाला काही कळत नाही, फक्त मुलाच्या नावापुढे एक शिक्का बसतो. दुसऱ्या नोंदीवरून सकाळचा कार्यकर्ता तो उठल्या उठल्या काय बोलायचं हे ठरवू शकतो. आणि हेच मूल पंचवीस वर्षांचं झाल्यावर एखाद्या दिवशी आपली फाइल मागून वाचू शकतं. मुलांच्या घरातली आठवणींची जागा पुष्कळदा या कागदांनीच भरलेली असते, म्हणून त्यात त्याचे चांगले दिवसही असावेत. मला विचाराल तर, एखादी संस्था कशी आहे हे बघायचं असेल तर तिची भिंतीवरची चित्रं बघू नये, नोंदींची भाषा कशी आहे ते विचारावं.

तुमच्या लहानपणाबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिलं आहे, पण त्या वाक्यावर पत्राचा बराच भार आहे. 'मी भोगलंय म्हणून मला कळतं.' यात तथ्य आहे. दारात पावलांचा आवाज आला की अंग ताठ होणं काय असतं, हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. पण त्याच अनुभवामुळे समोरच्या मुलाच्या जागी तुम्हाला तुमचाच लहानपणचा चेहरा दिसू लागण्याचा धोका असतो. मग त्याचे वडील पिऊन भेटायला आले की तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त चिडाल, आणि त्याला मात्र अजूनही त्यांच्याकडेच जायचं असेल. या मुलांपैकी पुष्कळांचं आपल्या आईबापांवर प्रेम असतं, सगळं होऊनही. ते प्रेम हलकं न लेखता ऐकून घेणं तुम्हाला जमेल का, हे स्वतःला विचारा.

आणि उलट बाजूने, अशा लहानपणामुळे तुम्ही अपात्रही ठरत नाही. बालपणातल्या आघातांचा मोठेपणीच्या आरोग्याशी संबंध दाखवणारा व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आन्डा या अमेरिकन डॉक्टरांचा १९९८ चा अभ्यास आज या क्षेत्रात जागोजागी शिकवला जातो. त्यात उत्तरं देणाऱ्या सामान्य प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांनी असा निदान एक प्रकारचा अनुभव नोंदवला होता. म्हणजे तुमच्या होणाऱ्या सहकाऱ्यांतही अशी माणसं असणारच. असे किती प्रकारचे अनुभव आले ते मोजून काढलेल्या त्यातल्या गुणांकावरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीचं भविष्य वर्तवू नये, असं पुढे २०२० मध्ये आन्डा यांनीच इतरांसोबत बजावलं. मुलांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा आणि स्वतःच्या बाबतीतही. फक्त तुमची जुनी गोष्ट तुम्ही एखाद्या समुपदेशकापाशी आधीच बोलून मोकळी केलेली असावी. ते काम मुलांच्या खोलीत, त्यांच्या खर्चाने होऊ नये.

आता निवड. मित्र आणि ते जुने कार्यकर्ते, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पुस्तकं वाचून मुलं सांभाळता येत नाहीत हे खरं. पण 'ये आणि काम सुरू कर' या पद्धतीत नवा माणूस शेजारच्या माणसाचं बघून शिकतो, आणि शेजारचा माणूस थकलेला, ओरडणारा असेल तर ओरडणंच शिकतो. दुसरीकडे, पदवी असलेला माणूस दोन वर्षांत एकदाही रात्रपाळी न करता बाहेर पडू शकतो. त्यामुळे 'पदवी की काम' हा प्रश्न मी बाजूला ठेवीन आणि असं विचारीन: कोणत्या मार्गात मला प्रत्यक्ष काम करताना कुणी जाणतं माणूस बघणार आहे, आणि नंतर त्यावर माझ्याशी बोलणार आहे? डेन्मार्कमध्ये अशा कामासाठी साडेतीन वर्षांची स्वतंत्र पदवी आहे आणि तिचा मोठा भाग प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जातो. सगळीकडे असं नाही. पण आपल्या आवाक्यातला अभ्यासक्रम पारखायला ही कसोटी चालते.

प्रवेश घेण्याआधी फोन करून विचारा: प्रत्यक्ष कामाचे तास किती, तिथे मार्गदर्शन कोण करतं, ते किती वेळा भेटतं, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी निवासी संस्थेत स्वतः पाळ्या केल्या आहेत. विषयांत बालविकास, आघात आणि त्याचे परिणाम, बालहक्क व कायदा, संतापाचा प्रसंग हाताळणं, आत्महानीचे इशारे ओळखणं, प्रथमोपचार, नोंदी, कुटुंबाबरोबरचं काम हे असावं. दोन वर्षांच्या पदवीचा फायदा पुढे होतो: मुलाच्या पुनर्वसनाची आखणी करणाऱ्या किंवा संस्था चालवणाऱ्या जागा बहुधा तिच्याशिवाय मिळत नाहीत. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र रोजच्या कामाला पुरू शकतं, पण तिथेच अडकून राहण्याची शक्यता असते. तुम्ही सत्तावीसचे आहात. घरचं जमत असेल तर मी पदवीकडे झुकेन. पण आज नाही.

आज नोकरी सोडू नका. आधी काही महिने सुटीच्या दिवशी बदली कर्मचारी म्हणून पूर्ण पाळ्या करा, त्यातही रात्रीच्या. तुमच्या सध्याच्या संस्थेपेक्षा दुसरीकडे कराल तर बरं, कारण तिथे तुम्ही 'गणिताचे दादा' नसाल. त्यानंतरही हेच करायचं असं वाटलं, तर आईशी बोलताना तुमच्याकडे कल्पनेऐवजी अनुभव असेल. पगाराबद्दल आई बरोबर बोलते आहे, ते उडवून लावू नका. या क्षेत्रात पैसा कमी आहे, लोक लवकर सोडून जातात, आणि त्याचा फटका शेवटी मुलांनाच बसतो. तुम्हाला दहा वर्षं टिकायचं असेल तर किती पगारात घर चालतं, याचा हिशेब आत्ताच मांडा. तो तर तुमचाच प्रांत.

एका मुलासाठी मात्र हे करिअर निवडू नका. तुम्ही शिकून बाहेर पडाल तोवर तो बहुधा तिथे नसेल, आणि ते चांगलंच असेल. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेनुसार घराबाहेर ठेवलेल्या मुलाच्या परिस्थितीचा वेळोवेळी आढावा घेतला जाणं हा त्याचा हक्क आहे. २००९ मध्ये आमसभेने पर्यायी काळजीबद्दल, म्हणजे आईवडिलांपाशी राहू न शकणाऱ्या मुलांच्या सांभाळाबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांचा भर मूल विनाकारण घरापासून तुटू नये यावर आहे, आणि तुटलंच तर त्याला योग्य अशी, शक्यतो कुटुंबासारखी जागा मिळावी यावर. त्यामुळे पुढची कामंही फक्त बालगृहातली नसतील. पालक कुटुंबांना आधार देणं, मूल घरी परतल्यावर त्या घराकडे लक्ष ठेवणं, अठरा पूर्ण होऊन बाहेर पडलेल्या तरुणांना खोली शोधण्यापासून पहिल्या पगारापर्यंत सोबत करणं, अशी त्याची व्याप्ती आहे. कदाचित यातलंच एखादं तुम्हाला जास्त मानवेल.

थकव्याबद्दल एवढंच, की तो अचानक कोसळत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या या अवस्थेची तीन अंगं मांडली: मन रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं लवकर ओळखा. 'ही सगळी असलीच' असं वाक्य तोंडून निघालं, की मार्गदर्शकाशी बोलायची वेळ झाली. सुट्टी घेऊन हे पुष्कळदा भागत नाही. पाळीत माणसं कमी असतील तर ती वाढवावी लागतात, आणि ते तुमच्या हातात नसतं.

म्हणून नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. एका पाळीत किती मुलांमागे किती माणसं? रात्री एकट्याला ठेवतात का? मोठा प्रसंग घडला तर नंतर कर्मचाऱ्यांशी कोण बोलतं? मुलाला हाताने धरून आवरण्याची वेळ आली तर नियम काय, आणि गेल्या वर्षात अशी वेळ किती वेळा आली? मुलांना तक्रार करायची असेल तर ती कुठे करतात? आणि या जागेवर आधी कोण होतं, ते का गेलं? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरी संस्था बघा.